क्लोज म्हणजे चालू

जुईनगर, ९ नोव्हेंबर, रविवार

इसाक,

ह्या दोन हातांनी केलेल्या वस्तू. रबाळ्याच्या गाळ्यातलं पत्रा वाकवायचं मशीन, भंगारातल्या ट्रकच्या ॲक्सलपासून. तांब्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा साचा, ज्याला तू कंटाळून ‘सासूबाई’ म्हणायचास. घरी जयमालाच्या ओट्यावरची मांडणी, जिचा एकही स्क्रू बाहेरून दिसत नाही. तुझ्या उरणच्या घरातला मीटरबोर्ड. खाऱ्या हवेसाठी त्याच्या मागे मी रबराची पट्टी दिली होती, आणि भाभी म्हणतात अजून गंजाचा ठिपका नाही. कैनातच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी दीपगृह, सायकलच्या डायनॅमोवर फिरणारं. तिला नंबर मिळाला नाही, कारण परीक्षकांना वाटलं बाजारातून आणलंय. आणि नव्या रेल्वेमार्गाच्या सहा स्टेशनांसाठी सहा पॅनल, वीज वाचवणारे, तू गेल्यानंतर केलेले.

शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं हातांनी आणि दुसऱ्यांच्या रद्दीतल्या पुस्तकांनी शिकवलं. हे तुला पाठ आहे. तरी परत लिहिलं, कारण तू मला विसरलायस असं दिसतंय.

सकिनाभाभींनी तुझा निरोप फोनवर लावून ऐकवला. म्हणाल्या, “तुमीच ऐका भाई, माझ्या तोंडून नको.” तुझा आवाज ओळखू आला नाही आधी. “त्याला विचार, किती घेतलेस.”

उत्तर देणार नाही. ज्याच्याबरोबर अठरा वर्षं एका डब्यात जेवलो त्याने हे विचारावं आणि मी गपगुमान आकडा सांगावा, एवढा स्वस्त मी झालेलो नाही. पण कैनात तुझी मुलगी आहे, आणि तिच्या बाबतीत काय घडलं ते तुला पेपरच्या कात्रणातून कळावं हे मला पटत नाही. नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून कागद. मोरा बंदराकडचा कोणी मस्कतला निघालाय, त्याच्याबरोबर भाभी पाठवतील.

तर मंगळवारी संसदेची समिती आली. खासदार. सरकारी मंडळं लोकांचा पैसा नीट वापरतात का, हे बघायचं त्यांचं काम. ह्या रेल्वे मंडळावर त्यांची नजर गेली ती विजेच्या बिलामुळे. लाइनीवर अजून एकही गाडी धावलेली नाही, आणि सहा स्टेशनांचं बिल मात्र धावत्या लाइनीसारखं, वर दंड. जयमालाने विचारलं, दंड कसला? मी तिला असं समजावलं: लिफ्ट, पंखे, एसी जी वीज ओढतात त्यातली थोडी काही काम न करता नुसत्या येरझाऱ्या घालते. वीज कंपनी त्या येरझाऱ्यांचेही पैसे लावते. पॅनलमध्ये कॅपॅसिटर बसवले की येरझाऱ्या जागच्या जागी भागतात, बिल उतरतं. मंडळाने समितीला लेखी उत्तर दिलं होतं की असे संच दोन वर्षांपूर्वीच बसवले आहेत, चालू आहेत, बचत होते आहे. समिती म्हणाली, दाखवा.

ते संच म्हणजे माझे पॅनल. कंत्राट बाजीरावचं. पेटी, पट्ट्या, वायरिंग माझं. आतले कॅपॅसिटर तो साइटवर परस्पर बसवणार होता, ते माझ्या कामात नव्हते. हे वाक्य लक्षात ठेव.

आणि त्या स्टेशनच्या वीजखोलीत ड्युटीवर कोण? कैनात.

आता गाळ्यातला नियम आठव. तो तुझ्या डाव्या हाताच्या भाजलेल्या दोन बोटांवर लिहिलेला आहे, विसरला नसशील. शेजारच्या ग्राइंडरच्या आवाजात तू ओरडून विचारलंस, “बंद?” मी म्हणालो, “बंद!” तू विचारत होतास वीज बंद का, आणि मला वाटलं तू दार बंद का म्हणतोयस. त्या दिवसापासून आपल्या गाळ्यात ‘बंद’ ह्या शब्दालाच बंदी. ब्रेकरचा खटका दाबताना बोलायचं ते क्लोज आणि ओपन. क्लोज म्हणजे रस्ता जोडला, वीज चालू. ओपन म्हणजे रस्ता तोडला, वीज नाही. जो ‘बंद’ म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. कैनात सुट्टीत यायची तेव्हा तिनेही पाजलाय, खाऊच्या पैशातून. पुढे डिप्लोमाला तिला तेच शब्द पुस्तकात सापडले, तेव्हा फोन करून म्हणाली होती, “काका, तुमचा कायदा इथे छापलाय.”

मंगळवारी खोलीत आठ-दहा माणसं शिरली. पॅनलवर लाल दिवा पेटलेला. आपल्याकडे लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे नाही, रस्त्यावरच्या सिग्नलच्या बरोबर उलट. खासदारांना हे कुठून माहीत असणार. समितीचे अध्यक्ष उत्तरेकडचे. पुढचं सगळं कैनातने सांगितलं तसं लिहितो.

“ये लाल बत्ती क्यों?”

“सर, क्लोज है, इसलिए.”

“बंद है?”

तिला वाटलं साहेब तिच्याच शब्दाचं हिंदी करतायत. म्हणाली, “जी सर, क्लोज.”

“किसने किया?”

“मैंने, सर.”

“कब से?”

“लगाया उस दिन से, सर.” हे तिने छाती पुढे काढून सांगितलं. एकदाही पडू दिला नाही ना तिने तो ब्रेकर!

अध्यक्ष मुख्य अभियंत्याकडे वळले. “दो साल से बंद पड़ा है, और आप लिखकर देते हैं कि बचत हो रही है?”

मुख्य अभियंता शिकलेला माणूस, क्लोज म्हणजे काय हे त्याला कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. एका वाक्यात गाठ सुटली असती. त्याने कैनातकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “चौकशी करतो, सर.”

दुसऱ्या दिवशी पेपरात: महिला ऑपरेटरने ऊर्जा बचत संच दोन वर्षे बंद ठेवला. खाली बारीक अक्षरात: संचाच्या उत्पादकानेही यास दुजोरा दिल्याचे समजते. तो उत्पादक म्हणजे मी. मला कोणी काहीही विचारलेलं नाही.

कैनात आमच्याकडे आली होती. जयमालाने दिलेला चहा तसाच राहिला, वर साय धरली. “काका, मी चूक काय बोलले?” मी म्हटलं, “काहीच नाही.” “मग सगळे माझ्याकडे असं का बघत होते?”

मी तिचा चहा परत गरम करायला घेतला.

कृष्णात


रबाळे, १४ नोव्हेंबर

इसाक,

पहिलं पत्र पोचलं असेल, हेही भाभी त्याच वाटेने पाठवतील. तुझ्याकडून काही नाही. ठीक.

मी घाबरलेलो नाही. गाळ्याचं शटर हल्ली अर्धंच उघडतो, एवढंच. धूळ कमी येते.

एक गोष्ट मला त्या दिवशी टोचत होती, ती मी कैनातला फोनवर विचारली. “पॅनलवर तळहात ठेवून बघितलायस कधी? गरम लागतो? आतून गुणगुण येते?” भरलेला पॅनल चालू असला की ताप आलेल्या पोरासारखा असतो, तुला माहीत आहे. ती म्हणाली, “नाही हो काका, गारच असतो. मे महिन्यात दुपारी आम्ही डबा खाल्ला की त्यालाच पाठ टेकून बसतो.”

मी फोन ठेवला.

आत काही नाही, इसाक. दिवा पेटतो, पट्ट्यांत वीज येते, आणि पुढे कॅपॅसिटरची रिकामी फडताळं. माझी पेटी, माझी पट्टी, माझा रंग, आणि आत हवा. सहाही स्टेशनांत तसंच असणार. तिने क्लोज केलं ते बरोबर केलं, पण रिकाम्या घराचं दार उघडून पाहुणे येत नाहीत. मंडळाला आता बिल का उतरलं नाही ह्याला कारण हवंय, आणि ते त्यांना आयतं सापडलंय, साडेपाच फुटांचं, कंत्राटावर लागलेलं, उरणहून बसने येणारं.

तू विचारशील, तिला कोणाला सांगू नकोस असं सांगितलंस का. सांगितलं. सांगताना माझा आवाज कसा निघाला ते मला आवडलं नाही.

काल बाजीराव आला. कोरेगावकडचा म्हणून तो मला गाववाला म्हणवतो, मी त्याला कधी म्हणू दिलं नाही. आल्या आल्या बोर्डाकडे बघून हसला. ‘के. आय. इलेक्ट्रिकल्स’.

“काय मिस्त्री, आय पळाला मस्कतला, तरी बोर्डावर बसवून ठेवलाय?”

“मिस्त्री नको म्हणू.”

“बरं बाबा, शास्त्रज्ञ.” स्टूल ओढून बसला, रुमालाने पुसून. “तुला दिल्लीकरांची नोटीस येणार. साक्षीला बोलावणार. मुंबईतच बसणारेत, सरकारी अतिथिगृहात. पॅनल कुणी बनवला, कसा बनवला, विचारणार.”

“सांगेन.”

“सांग की! तुला मी खोटं बोल म्हणतोय का? आईशप्पथ, एक अक्षर खोटं नको. ते विचारतील, ह्या मुलीने ब्रेकर क्लोज केला का? तू म्हणायचं, हो साहेब, तिनेच क्लोज केला. केला का नाही तिने?”

“केला.”

“मग झालं. खरं बोलायचं आणि घरी जायचं.”

“आणि क्लोज म्हणजे काय, ते?”

“ते तुला कोण विचारतंय? तू काय इंग्रजीचा मास्तर?” मग जवळ सरकला. “सातवी पास माणसाने त्या लोकांपुढे शब्दांचे अर्थ सांगत बसू नये, कृष्णात. हसतील. तुझं लायसन बघतील. तुझे सगळे पॅनल तपासतील. आणि आत काय होतं, काय नव्हतं, ह्यात तुझी सही कुठेकुठे आहे, ते मला माहीत आहे, तुला आठवतं का बघ.”

माझी सही फक्त पेट्या पोचवल्याच्या चलनांवर आहे. ‘पॅनल पूर्ण’ असं त्यांनीच छापलं होतं, मी खाली सही केली, कारण माझं काम पूर्ण होतं. आता त्या ‘पूर्ण’चा अर्थ कोण सांगणार?

उठण्याआधी त्याने एक गोष्ट देऊ केली. ती इथे लिहीत नाही. तू विचारलेल्या प्रश्नाला चिकटून येते, आणि तुला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

तो गेल्यावर मी पट्टी कापायला घेतली. कधी नव्हे ती वाकडी गेली. फेकून दिली. तू असतास तर म्हणाला असतास, एवढी चालते. त्यावरूनच भांडलो ना आपण? तुझा तयार पॅनल मी दोन मिलिमीटरसाठी खोलायला लावला आणि तू म्हणालास, “तुझ्याबरोबर काम म्हणजे रोज दहावीची परीक्षा.” हातातला पाना ठेवलास आणि गेलास.

बोर्डावरचा आय मी काढलेला नाही. दर दिवाळीला दोन्ही अक्षरं सारखीच रंगवतो.

कृष्णात


जुईनगर, २२ नोव्हेंबर

इसाक,

नोटीस आली. इंग्रजीत आणि हिंदीत. माझं नाव बरोबर लिहिलंय, हे मी दोनदा वाचून पाहिलं. चुकीचं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं, का ते विचारू नकोस.

कैनातला कामावरून थांबवलंय, चौकशी संपेपर्यंत. मंडळाच्या ऑफिसातून तिला सांगितलं, चार ओळी लिहून दे: ‘माझ्याकडून अनवधानाने संच बंद राहिला, क्षमस्व.’ एवढं दिलंस की प्रकरण मिटलं. नाही दिलंस तर दंडाची सगळी रक्कम तुझ्यावर आणि पोलिसांत तक्रार.

सकिनाभाभी ताबडतोब तयार झाल्या. बुधवारी मी उरणला गेलो तेव्हा कागद पुढ्यात होता, कैनातच्या हातात पेन. भाभींनी मला आत येतानाच सांगितलं, “भाई, मधे पडू नका. गरिबाच्या पोरीनं माफी मागितली तर काय बिघडतं? तिचं लग्न जुळवायचंय मला. पोलीस दारात आले तर कोण येईल?”

“भाभी, ह्यावर सही केली तर तिने कबूल केलं असं होईल. मग दंडही तिचा आणि पोलीसही तिचे.”

“तुमी म्हणता तसं कशावरून?”

कशावरून, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी कायदा शिकलेलो नाही. पॅनलबद्दल विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. इथे नुसता अंदाज होता. चुकलो तर तुझ्या मुलीच्या गळ्यात मी फास अडकवतोय, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. तरी म्हटलं, “साक्ष होईपर्यंत थांबा. नंतर लागलं तर मीच कागद आणून देईन.”

कैनातने पेनाचं टोपण लावलं. “अम्मी, ‘बंद’ लिहिलं तर काकांच्या गाळ्यात सगळ्यांना चहा पाजावा लागेल.” हसायला गेली आणि मग ओढणी तोंडावर धरून आत निघून गेली.  भाभींनी कागद घडी करून डब्याखाली ठेवला. फाडला नाही. ठेवला.

परतताना बसमध्ये एक माणूस माझ्या मागच्या सीटवर होता. जुईनगरला माझ्या मागोमाग उतरला. कदाचित तो जुईनगरचाच असेल. मी आपला उगाच दोन गल्ल्या जास्त फिरून घरी आलो.

गुरुवारी गाळ्याची वीज गेली. बाजूच्या गाळ्यात होती, समोर होती, माझीच नाही. खांबावर जाऊन पाहिलं तर माझी तार सोडवून व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती. ज्याने केलं त्याला काम येत होतं. चोर तार कापून नेतो. ह्याने माझ्यासाठी ठेवली, मला कळावं म्हणून.  मग शिडी आणली आणि स्वतः जोडली. जोडल्यावर गाठ तीनदा तपासली, आणि इसाक, मी गाठ कधी दुसऱ्यांदा तपासत नाही. तू पाहिलं आहेस.

जयमालाला फोन येतात. “साहेब घरी कधी येतात?” बाई विचारते, गोड आवाजात. जयमालाने काल सांगितलं, “साहेब कोण? इथे कोणी साहेब राहत नाही.” आणि ठेवून दिला. मग माझ्याकडे वळली. “तुम्ही त्या बाजीरावला काय सांगितलंत?”

“नाही म्हणालो.”

“कशाला नाही म्हणालात?”

मी तिला सांगितलं कशाला. आकडाही सांगितला. ती खाली बसली. बराच वेळ भाजी निवडत राहिली, निवडून झालेलीच परत निवडत. मग म्हणाली, “घराचं कर्ज फिटलं असतं आपलं त्यात.” आणि थोड्या वेळाने, “बरं केलंत.” दोन्ही वाक्यं तिने एकाच आवाजात म्हटली. तिला मी उद्या तिच्या भावाकडे वाईला पाठवतोय.

तू ह्यात काही करू शकत नाहीस हे मला कळतं. पण कैनातला एक फोन कर. माझ्यावरचा राग तसाच ठेव, हवं तर वाढव. तिला वाटतंय तू तिच्यावर चिडलायस.

कृष्णात


जुईनगर, ३ डिसेंबर

इसाक,

काल साक्ष झाली.

सुरुवातीलाच वाचून दाखवलं की इथलं बोलणं अहवाल सभागृहात ठेवेपर्यंत बाहेर सांगायचं नाही. म्हणजे हे पत्र लिहिणं गुन्हा असेल. परवाची खांबावरची तार वगळली तर मी आयुष्यात एक फ्यूजसुद्धा नियमाबाहेर बसवली नाही. पण तिचा बाप तू आहेस. वाचून जाळ.

लांब टेबल. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मंडळाची माणसं एका बाजूला, सगळ्यात शेवटी मुख्य अभियंता, आणि त्याच्या मागच्या खुर्चीत बाजीराव, पांढऱ्या सफारीत. मला बघून त्याने मान हलवली, लग्नात भेटल्यासारखी. कैनातला बोलावलं नव्हतं. भिंतीशी एक बाई बसली होती, बोललेला शब्द न् शब्द लिहून घेणारी.

शिक्षण विचारलं. सातवी म्हणालो. कोणी हसलं नाही. बाजीरावचं ते खोटं निघालं, आणि मला उगाच धीर आला.

मग अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला, जवळजवळ बाजीरावच्याच शब्दांत. त्या मुलीने ब्रेकर क्लोज केला होता का?

 बाटलीचं टोपण मी आधी उघडून ठेवलं होतं, ते फिरवून लावलं, परत उघडलं. पुढ्यात सगळं दिसत होतं: खांबावरची गुंडाळलेली तार, जयमालाचा फोन, बसमधला तो माणूस. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं. तोंडातून ‘हो’ बाहेरही पडला. बाजीरावने खुर्चीला पाठ टेकली.

मग मी म्हणालो, “हो साहेब, क्लोज केला. म्हणजे चालू केला.”

अध्यक्षांना कळेना. मी हिंदीत सांगू लागलो आणि अडखळलो. दार, नळ, रस्ता, सगळं एकात एक मिसळलं. घरी पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. समितीत एक मराठी बाई होत्या, विदर्भाकडच्या, डोक्यावरून पदर. त्यांनी हात वर केला. “थांबा दादा. हळू. आमचा नळ बंद म्हणजे पाणी बंद. अन् तुमचा क्लोज म्हणजे पाणी सुरू?”

“हो ताई. वाट जोडली की क्लोज. म्हणून दिवा लाल. लाल म्हणजे सुरू.”

“मग त्या पोरीनं तर सुरूच ठेवला होता म्हणा!”

“पहिल्या दिवसापासून, ताई. एकदाही पडू दिला नाही.”

त्या मुख्य अभियंत्याकडे वळल्या. “काहो साहेब, हे खरं काय?” तो म्हणाला, तांत्रिक परिभाषेत तसं म्हणता येईल. त्या म्हणाल्या, “म्हणता येईल की तसंच म्हणतात?” त्याने पुढ्यातली फाइल उघडली.

लिहून घेणाऱ्या बाईने हात थांबवला होता. तिने हळूच विचारलं, “सर, मागच्या भेटीच्या टिपणात ‘बंद’ असं गेलंय. आता काय लिहू?” अध्यक्ष कपाळ चोळत म्हणाले, “दोनों लिखिए.”

दोन्ही. एवढंच हाती लागलं. मला वाटलं होतं, मागचं खोडतील.

उठायला सांगितलं, आणि विदर्भाच्या त्या बाई परत म्हणाल्या, “चालू होता, तर मग बिल का नाही उतरलं, दादा?” हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तो येऊ नये म्हणून मी सकाळी देवाला हात जोडले होते.  बाजीराव आता पुढे वाकून बसला होता, कोपर गुडघ्यांवर.

“आत काही नाही, म्हणून,” मी म्हणालो. “पेटी माझी आहे. उघडून बघा.”

 डोक्यावर एसी घरघरत होता. मला आठवतं, मी तेव्हा मनात म्हटलं, ह्यांचा कॅपॅसिटर तरी चालू आहे का. भीतीत माणूस काय काय विचार करतो!

अध्यक्षांनी सांगितलं, सहाही पॅनल समितीच्या अधिकाऱ्यांसमोर उघडायचे. कधी, ते सांगितलं नाही. तोवर मंडळाने त्यांना हात लावू नये. मंडळाने मान हलवली. चाव्या मंडळाकडेच आहेत.

बाहेर बाजीराव जिन्यात थांबला होता. मला वाटलं शिव्या देईल. त्याने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, हळूच, भावाने करावी तशी. “बायको वाईला ना? बरं आहे हवापाणी तिकडे,” म्हणाला, आणि उतरून गेला.

मी तिला कुठे पाठवलंय हे मी तुझ्याशिवाय कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

कृष्णात


रबाळे, ७ डिसेंबर

इसाक,

काल कैनातचा फोन आला. तू बोललास तिच्याशी. काय बोललास ते तिने सांगितलं नाही, पण ती आता रडत नव्हती. भाभींनी डब्याखालचा तो कागद चुलीत घातला, असंही म्हणाली. तिचं कंत्राट मंडळाने वाढवलं नाही. तक्रारही केली नाही. दोन्ही गोष्टी बिनबोभाट झाल्या, साधं पत्रही नाही. मी तिला म्हटलं, गाळ्यावर ये कामाला. ती म्हणाली, “काका, तुमचा गाळा राहील तर ना.” बरोबर आहे. ह्या आठवड्यात तीन ऑर्डरी गेल्या. कोणी कारण दिलं नाही, मी विचारलं नाही.

पॅनल अजून उघडलेले नाहीत. परवा एका स्टेशनाच्या मागच्या फाटकातून टेम्पो आत गेला असं कैनातला तिथल्या झाडूवालीने सांगितलं. आत काय होतं ते तिला दिसलं नाही.

जयमालाला वाईहून हलवलंय. कुठे, ते ह्या वेळी कागदावर लिहीत नाही.

तुझ्या नंबरावरचा फोटो आज सकाळी माझ्या फोनवर परत दिसला. तू ब्लॉक काढलास. मी फोन केला नाही. तूही केला नाहीस. पहिल्यांदा काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नाही, आणि मला आता कागदाइतकाच फोनवरही भरवसा वाटत नाही, पण कागद निदान मागे उरतो. म्हणून हे शेवटचं कागदावर.

माझं काही बरंवाईट झालं तर लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय: त्याने घेतले, मग वाटणीवरून बिनसलं. तूही तेच ऐकशील, समुद्रापलीकडे. म्हणून तू विचारलेल्याचं उत्तर देतो, जे मी देणार नाही म्हटलं होतं.

घेतलं काही नाही. देऊ केलं होतं ते असं: ‘हो साहेब, तिनेच क्लोज केला’ एवढं म्हणायचं आणि क्लोज म्हणजे काय ते सांगायचं नाही. ह्या न सांगण्याबद्दल सहाही स्टेशनांची पाच वर्षांची देखभाल के. आय. इलेक्ट्रिकल्सच्या नावावर, आणि वर रोख, गाळ्यातल्या तुझ्या जुन्या स्टुलावर बसून बाजीरावने बोटांवर मोजून दाखवलेले, एकवीस लाख रुपये. मी नाही म्हणालो.

कृष्णात